मानस

आमच्या दिवाडीत मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधातली लाकडी झडप.
भरती आली की पाणीच तिला लोटतं, ती मिटते;
ओहोटी लागली की पाणीच तिला उघडतं.
कुणाच्या हाताचं काम नाही तिथे.
तरी एक माणूस लागतो,
बिजागरीतलं शेवाळ काढायला,
खेकड्यानं बांधाला पाडलेलं भोक
मुठीएवढं आहे तोवर चिखलानं बुजवायला.

तो माणूस म्हणजे माझा मामा, इनास.
मिसेला वर्षातून दोनदा,
फेणीला दिवसातून दोनदा.
आणि त्याची थोरली बहीण, आर्मिंदा मावशी:
शुक्रवारी उपास, रोज तिन्हीसांजेला तेर्स,
चुलीपुढून उठताना
तिचे गुडघे कडकन वाजत.

दोतोर्नच्या वर्गात मी विचारलं,
फादर, इनासमामा स्वर्गात जाईल का?
पोरं हसली. फादर सिप्रियान हसले नाहीत.
म्हणाले, तारण फुकट मिळतं, पोरी, पावसासारखं.
मग फळा पुसता पुसता:
पण पाऊस फुकट आहे म्हणून
कुणी शेतात समुद्र घेत नाही.
दोन्ही वाक्यं मी वहीत लिहिली,
मध्ये एक ओळ सोडली.
ती अजून कोरी आहे.

ऑगस्टची अमावास्या. उधाण.
सकाळी कोरगुटाच्या शेतांत मासे पोहत होते.
कोरगूट मीठ सोसतं, पण थोडं.
बावीस घरांचं भात गेलं.
मामा मानशीजवळच्या खोपटात सापडला, गाढ झोपलेला,
बाटलीला बूच मात्र नीट लावलेलं.
गावानं म्हणायचं ते म्हटलं.
नरक हा शब्दही कुणीतरी काढला.
मावशी गप्प होती. लोकांना वाटलं, भावापायी लाजली.

मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले.
मामानं पिणं सोडलं नाही, खोटं कशाला सांगू.
फक्त क्रम बदलला:
आधी बांध, मग बाटली.
कुमसाराला गेला की नाही ठाऊक नाही,
कोपरापर्यंत चिखल मात्र रोज असे.
चौथ्या वर्षी शेतं हिरवी झाली,
ज्यांनी त्याला माफ केलं त्यांची
आणि ज्यांनी केलं नाही त्यांचीही.

मावशी गेली त्या फेब्रुवारीत,
फादर तेल लावून गेल्यावर
तिनं माझं मनगट धरलं.
"भोक मी पाहिलं होतं गो. त्या संध्याकाळी.
वाटीएवढं. पाणी झिरपत होतं.
पण घंटा झाली होती, नोव्हेनाचा नववा दिवस.
थांबले असते तर आधीचे आठ फुकट गेले असते."
फादरना सांगितलंस?
"मोडली कुठली आज्ञा, तेच सापडलं नाही."
मग म्हणाली, इनासला सांग.
मी सांगायला गेले तर तो म्हणाला,
ठाऊक आहे. तिच्या चपलांचे ठसे होते तिथे.
बारा वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं होतं.
त्याच्या पोटात एवढी जागा असेल
असं आम्हां कुणालाच वाटलं नव्हतं.

मी प्रार्थना कोंकणीत करते, हिशेब मराठीत लिहिते,
म्हणून हे इथे.
बांधातून भात उगवत नाही, खरं आहे.
बांधावाचून उगवलेलं मी पाहिलेलं नाही, हेही.
आणि मीठ धुऊन गेलेलं पाहिलं आहे;
ते धुणारा हात दिसला नाही.

आता मानस माझ्याकडे आहे.
आज ओहोटीला झडप अर्धीच उघडून अडली,
बिजागरीत बोटभर काटकी होती, ती काढली.
बाकी सगळं पाण्यानं केलं.
वर डोंगरावर घंटा वाजते आहे,
नखांत चिखल, आणि पुढे आणखी एक भोक दिसतंय.
उशीर होणार.
होऊ दे.